सशाचा किडनी रिपोर्ट हातात आला की काय बघायचं: बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या ससेवाल्यांसाठी

मागच्या चैत्रात आमच्या कुंदाचा, म्हणजे आमच्या सशाचा, रक्ताचा रिपोर्ट हातात पडला. सहा ओळींपैकी चार ओळींसमोर ठळक 'एच', म्हणजे 'हाय', जास्त, असं छापलेलं होतं. युरिया ५८, क्रिएटिनिन १.९ (ही दोन्ही मूत्रपिंडानं रक्तातून बाहेर टाकायची घाण), कॅल्शियम १४.२, फॉस्फरस ५.६. काउंटरवरच्या मुलानं कागद वाचला आणि म्हणाला, "किडनी गेलीय की ओ ह्याची." शहापूरच्या बाजारातून घरी येईस्तोवर मला समोरचं काही दिसत नव्हतं. रात्रभर कुंदाची बुट्टी उशाशी घेऊन बसले.

दोन दिवसांनी ससे बघणाऱ्या एका डॉक्टरांकडे पोचले. त्यांनी कागद मिनिटभर बघितला आणि बाजूला ठेवला. "अक्का, हे आकडे सशाला चालतात. आधी तोंड बघूया." कुंदाच्या मागच्या दाढेला सुईसारखं टोक आलं होतं, त्यानं जीभ कापली होती, म्हणून तो खात नव्हता. दाढ घासली, तिसऱ्या दिवशी मेथीची काडी ओढून घेतली त्यानं.

पुढं मार्गशीर्षात आमची दुसरी सशीण, शेवंती, आजारी पडली. तिच्या कागदावरही 'एच' होते, पण ते खरे होते. हे दोन कागद मी अजून एकाच पिशवीत ठेवलेत. त्या दोन्ही वेळी मला जे कुणी सांगितलं नाही, ते इथं लिहितेय. औषधाचे डोस मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. कागद समजून घेणं आणि योग्य प्रश्न विचारणं मात्र तुम्ही करू शकता.

१. वेळ ओळखा

ससा बारा तास काही खाल्ला नाही आणि लेंड्या बंद झाल्या किंवा बारीक पडायला लागल्या, तर उद्या बघू म्हणायचं नाही. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की अंगातलं पाणी कमी होतं आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं. त्यामुळं दात, आतडं, ताप, भीती, कुठल्याही कारणानं आजारी पडलेल्या सशाचा युरिया थोडा वर दिसू शकतो.

मूत्रपिंडाच्या दुखण्याकडं बोट दाखवणारी लक्षणं अशी: पाणी जास्त पिणं आणि ट्रे सारखा ओला होणं, हळूहळू वजन उतरणं, केस रखरखीत होणं, मागचे पाय लुळे पडणं, बुडाखाली लघवीनं कातडी लाल होणं, लघवी करताना कुथणं. शेवंतीच्या बाबतीत पहिली खूण पाण्याची वाटी होती. रात्री भरलेली वाटी सकाळी कोरडी. थंडीच्या दिवसांत एवढं पाणी कशाला लागतंय, असं मनात आलं होतं, पण पंधरा दिवस मी ते तसंच सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. साधारण ससा दिवसाला किलोमागं ५० ते १५० मिली पाणी पितो. मापाच्या भांड्यानं दोन दिवस मोजलंत की अंदाज येतो.

२. डॉक्टर कुठं शोधायचा

आपल्याकडचे सरकारी पशुदवाखाने मुख्यतः गाई, म्हशी, शेळ्यांसाठी आहेत. १९६२ वर बोलावता येणारी फिरती गाडीही त्याच कामासाठी. तिथले डॉक्टर चांगले असतात, पण सशाच्या कानातून रक्त काढायची सवय प्रत्येकाला असेलच असं नाही. म्हणून आधी फोन करा आणि सरळ विचारा: "ससे बघता काय? रक्त काढता येईल काय?" नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचा निम्मा दिवस वाचला.

बेळगाव शहरात कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आहेत, त्यांत सशाची सवय असलेला डॉक्टर सापडू शकतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं. गोकाक, बैलहोंगलकडची माणसं धारवाड-हुबळीला जातात. फारच अवघड केस असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बेंगळुरात हेब्बाळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण गारठलेला, दोन दिवसांचा उपाशी ससा घेऊन एवढा प्रवास करायचा नाही. आधी जवळ सलाईन, ऊब, मग लांबचा रस्ता.

दवाखान्यात कन्नडच बोलणारं माणूस भेटलं आणि तुम्हाला कन्नड येत नसेल, तर एवढं पाठ करून जा: "नम्म मोल एरडु दिनदिंद एनू तिन्नुत्तिल्ल." आमचा ससा दोन दिवसांपासून काही खात नाही. ससा म्हणजे मोल, पाणी म्हणजे नीरु, रक्ताची तपासणी म्हणजे रक्त परीक्षे. मूत्रपिंडाला कन्नडातही मूत्रपिंडच म्हणतात, तिथं अडत नाही.

एक महत्त्वाचं. शेतात, उसाच्या फडात सापडलेला ससा म्हणजे रानससा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तो पाळता येत नाही. त्याला वनखात्याकडं द्यायचं. हा लेख पाळीव सशाबद्दल आहे.

३. बरोबर काय न्यायचं

- एक वही: ससा कधीपासून खात नाही, शेवटची लेंडी कधी, पाणी किती, वजन किती, कुठलं औषध कधी दिलं. आठवणीवर विसंबू नका, दवाखान्यात सगळं विसरायला होतं.
- जुने सगळे रिपोर्ट, मूळ कागद. मोबाईलवरचा फोटो पुसट येतो आणि ५.८ चे ५८ वाचले जातात.
- आतापर्यंत दिलेल्या औषधांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी.
- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. एकदा परात ठेवून शून्य करा, मग ससा बसवा. दररोज एकाच वेळी.
- थर्मामीटर. सशाचं तापमान साधारण १०१.३ ते १०४ फॅरनहाइट असतं. गुदद्वारातून कसं मोजायचं ते डॉक्टरांकडून एकदा हातानं शिकून घ्या.
- लघवीचा नमुना, शक्य असेल तर. कसा घ्यायचा ते पुढं सांगते.
- बुट्टी किंवा पिंजरा, तळाला टॉवेल, मूठभर वाळलं गवत. थंडीत कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. जोडीचा ससा असेल तर त्यालाही न्या, आजारी ससा बराच शांत राहतो.

४. रक्त काढताना

पहिली चूक इथंच होते. माणसाच्या लॅबमध्ये "उपाशी पोटी आणा" असं सांगतात. सशाला उपाशी ठेवायचं नाही. सशाला उलटी होत नाही आणि उपाशी ठेवलं तर आतडं थांबायची भीती. खात असेल तर खाऊ द्या, दवाखान्याच्या दारापर्यंत.

रक्त कानाच्या कडेच्या शिरेतून, मागच्या पायाच्या बाहेरच्या बाजूच्या शिरेतून किंवा मानेतून काढतात. पायाची शीर बऱ्याचदा सोयीची. कान असेल तर अर्धा-पाऊण तास आधी बधीर करणारं मलम लावता येतं, तेवढं मागून घ्या. कानाच्या मधोमध जाड दिसते ती धमनी आहे, तिच्यात सुई गेली तर रक्त साचतं. नवख्या हाताला आधी पाय बघा म्हणून नम्रपणे सुचवायला हरकत नाही.

किती रक्त? दोन किलोच्या सशाच्या अंगात सगळं मिळून सव्वाशे मिलीच्या आतबाहेर रक्त असतं. आजारी सशाचं एक-दीड मिली पुरे. लॅबवाले तीन-चार मिली मागतात, कारण त्यांची सवय माणसाची. आधीच सांगून ठेवा की नमुना छोटा आहे.

नळीचं झाकण बघा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ई.डी.टी.ए. असतं, ती फक्त पेशी मोजायला. त्या नळीतलं रक्त किडनीच्या चाचणीला वापरलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं पडतं. युरिया, क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस यांना हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी किंवा साधी लाल झाकणाची. सशाचं रक्त पटकन गोठतं, म्हणून हिरवी सोयीची. जोरात ओढलेलं किंवा गाडीत हिंदकळत नेलेलं रक्त फुटतं, त्यानंही पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढलेले दिसतात. रिपोर्टवर कुठं 'हिमोलाइज्ड' लिहिलंय का ते शोधा. लिहिलं असेल तर त्या दोन आकड्यांवर काही ठरवू नका.

युरिया दिवसभरात वरखाली होतो. पुन्हा तपासणी करायची असेल तर पहिल्या वेळी जी वेळ होती तीच ठेवा.

५. कागद वाचायचा कसा

इथं थांबून सावकाश वाचा. सगळा घोळ इथं आहे.

लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते, ती बहुतेक वेळा माणसाची असते. 'एच' (जास्त) आणि 'एल' (कमी) त्या रेंजवरून यंत्र आपोआप छापतं. यंत्राला समोर ससा आहे हे माहीत नसतं. म्हणून पहिलं काम: 'एच', 'एल' वर पेनानं काट मारा आणि नुसता आकडा बघा.

मग आकड्याच्या पुढचं नाव बघा. 'युरिया' आणि 'बी.यू.एन.' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बी.यू.एन. म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बी.यू.एन.ला २.१४ नं गुणलं की युरिया येतो. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब 'ब्लड युरिया' छापतात आणि सशाची पुस्तकं बी.यू.एन. देतात. माझी त्या रात्रीची सगळी घाबरगुंडी इथून आली. कुंदाचा युरिया ५८. मी फोनवर सशाची रेंज शोधली, १३ ते २९ दिसली आणि दुप्पट झालाय म्हणून कोसळले. खरं तर ५८ भागिले २.१४ म्हणजे २७. रेंजच्या आत.

सशासाठी साधारण धरायचे आकडे असे. लॅबनुसार थोडे बदलतात, म्हणून डॉक्टर जी रेंज वापरतात ती विचारून घ्याच:

- बी.यू.एन.: १३ ते २९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. युरिया म्हणून छापलं असेल तर साधारण २८ ते ६२.
- क्रिएटिनिन: ०.५ ते २.५. माणसात १.२ च्या वर 'एच' येतो, म्हणून कुंदाच्या १.९ वर आला होता.
- फॉस्फरस: ४ ते ६.९.
- कॅल्शियम: १२ ते १६ पर्यंत दिसतं. माणसात साडेदहाच्या वर गेलं की धावपळ होते, सशात १४ असणं रोजचं आहे.
- पोटॅशियम: ३.६ ते ६.९.

कॅल्शियमचं कारण समजून घ्या, पुढं आहाराला उपयोगी पडतं. आपण खाल्लेल्या कॅल्शियममधलं शरीर लागेल तेवढंच घेतं. ससा मात्र खाल्लेलं बहुतेक आत ओढून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. सशाच्या मूत्रपिंडातून गाळल्या गेलेल्या कॅल्शियमपैकी जवळजवळ निम्मं लघवीत जातं, इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत दोन टक्केसुद्धा जात नाही. म्हणूनच सशाची लघवी गढूळ, पांढरट, चुनकळीच्या पाण्यासारखी दिसते आणि तो आजार नव्हे. मूत्रपिंड खरंच थकलं की हे कॅल्शियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं.

काही लॅब शेवटी 'ई.जी.एफ.आर.', म्हणजे मूत्रपिंड किती गाळतंय याचा अंदाज, छापतात. ते गणित माणसाच्या वयावर आणि लिंगावर केलेलं असतं. सशासाठी त्याला काही अर्थ नाही. खोडून टाका.

परदेशी लेखांत आकडे वेगळ्या मापात असतात. युरिया मिलिमोलमध्ये दिला असेल तर २.८ नं गुणा, बी.यू.एन. येईल. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ नं भागा.

रिपोर्टवर साखर असेल तर तीही बघा. घाबरलेल्या सशाची साखर वाढते, त्यात मधुमेह शोधू नका. पण न खाणाऱ्या सशाची साखर ३६० च्या पुढं गेली असेल, तर किडनीचं नंतर बघतात, आधी आतडं कुठं अडकलंय का ते तपासतात. डॉक्टरांना लगेच दाखवा, त्यात तासाला महत्त्व असतं.

६. लघवीशिवाय अर्धा रिपोर्ट

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. रक्तातला युरिया वाढलाय एवढ्यावरून मूत्रपिंड बिघडलंय हे ठरत नाही. मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकतंय का, हे बघावं लागतं. त्यासाठी लघवीचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या नळीवर टाकून बघतात. लघवीच्या घट्टपणाचा हा आकडा सशात १.००३ ते १.०३६ मध्ये असतो. अंगात पाणी कमी आहे, युरिया वाढलाय आणि तरीही लघवी १.०१० सारखी पातळ आहे, तर मूत्रपिंडाचं काम मंदावलंय. लघवी घट्ट असेल तर बहुधा पाण्याचीच कमतरता, आणि ती भरून निघते. लघवीत बुडवायच्या रंगीत पट्टीवर छापलेल्या या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका, नळीनंच मोजायला सांगा. आणि नमुना सलाईन सुरू करायच्या आधीचा हवा. सलाईननंतर लघवी पातळ होणारच.

नमुना घ्यायला ट्रेमधला भुसा, कागद सगळं काढा, ट्रे धुऊन कोरडा करा, ससा नेहमी जिथं बसतो तिथं ठेवा. लघवी झाली की सुई काढलेल्या सिरिंजनं ओढून घ्या. दोन-तीन तासांत पोचवा.

लघवी लाल दिसली म्हणून लगेच रक्त समजू नका. बीट किंवा काही पालेभाज्यांनी, कधी काहीच कारण नसताना, सशाची लघवी नारिंगी ते विटकरी होते. पट्टीनं रक्त आहे का नाही ते कळतं.

७. आधी, आत की पुढं

डॉक्टरांना हा एकच प्रश्न विचारा: अडचण मूत्रपिंडाच्या आधी आहे, आत आहे की पुढं आहे?

आधी म्हणजे पाणी कमी, रक्तदाब पडला, आतडं थांबलं, भयंकर भीती. सशाला भीती वाटली की मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आकसतात, हे खरंच होतं. कुत्रा भुंकत असलेल्या बाकावर तासभर बसवू नका, बुट्टीवर कापड टाका. पुढं म्हणजे खडा किंवा चुन्याचा गाळ अडकलाय. लघवी थेंब थेंब होते, पोट दाबलं तर ताठरतो. एक्स-रेमध्ये हे खडे छान पांढरे दिसतात, म्हणून एक्स-रे सांगितला तर टाळू नका. अडथळा वेळेत निघाला तर आकडे झपाट्यानं उतरतात.

आत म्हणजे खुद्द मूत्रपिंड. म्हातारपण, जुना दाह, मूत्रपिंडातले खडे, काही औषधांचा मार, आणि सशांत विशेषकरून एनसेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी. तो मेंदू आणि मूत्रपिंड दोन्हीत बसतो, म्हणून मान वाकडी होणं किंवा मागचे पाय लुळे पडणं याच्याबरोबर कधी युरियाही वाढलेला दिसतो. त्याची प्रतिपिंडांची चाचणी असते, पण ती प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. ती पॉझिटिव्ह आली तरी एवढंच कळतं की ससा कधीतरी त्याच्या संपर्कात आला. यावर फेनबेंडाझोल चार आठवडे देतात. हेच औषध जनावरांच्या जंताच्या गोळीत असतं आणि आपल्या गावांत ती सहज मिळते, म्हणून बजावते: म्हशीच्या गोळीचा तुकडा मोडून सशाला देऊ नका. वजनानुसार द्रव औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

८. जगेल का?

हा प्रश्न विचारताना माझा आवाज फुटला नव्हता. तुमचाही फुटणार नाही कदाचित. म्हणून काय बघायचं ते आधीच सांगून ठेवते.

एका दिवसाच्या एका आकड्यावरून कुणी "संपलं" म्हणत असेल तर ऐकू नका. क्रिएटिनिन वाढायला मूत्रपिंडाचा अर्ध्याहून जास्त भाग निकामी व्हावा लागतो, हे खरं. पण नुसती पाण्याची कमतरताही तोच आकडा वर नेते. फरक कळतो तो सलाईननंतर. २४ ते ४८ तास नीट सलाईन, ऊब आणि खाणं मिळाल्यावर पुन्हा रक्त बघायचं. आकडे निम्म्याच्या खाली आले आणि ससा स्वतःहून खायला लागला, तर आशा चांगली.

शेवंतीचा पहिला कागद: युरिया २४६, म्हणजे बी.यू.एन. ११५. क्रिएटिनिन ४.८, फॉस्फरस ९.६, कॅल्शियम १७.४. रक्तपेशींचं प्रमाण २४ टक्के, सशात ३३ च्या वर हवं. लघवी १.०१०. दोन दिवस सलाईन झाल्यावर युरिया १७१, क्रिएटिनिन ४.१. उतरले, पण थांबले. लघवी तशीच पातळ. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि एकेक ओळ बोटानं दाखवली. फॉस्फरस वाढणं, रक्त कमी होणं, वजन महिनोन्‌महिने उतरत येणं, हे तीन एकत्र आले की दुखणं जुनं असतं. जुनं दुखणं बरं होत नाही, पण सशाला सुखात ठेवता येतं. "किती दिवस, ते मी सांगू शकत नाही अक्का. ती खातेय तोवर ती सांगेल."

तापमान आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे. दवाखान्यात आलेल्या पाळीव सशांच्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की अंग गार पडलेल्या सशांना मरणाचा धोका इतरांच्या तिप्पट होता आणि तापमान एकेका अंश सेल्सिअसनं उतरेल तशी मरणाची शक्यता जवळजवळ दुप्पट होत गेली. १००.४ फॅरनहाइटच्या खाली असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, आधी ऊब द्या आणि निघा.

जास्त काळजीची चिन्हं: सलाईन चालू असूनही बारा तासांत लघवी नाही. पोटॅशियम खरोखर वाढलेलं, म्हणजे रक्त फुटलेलं नसताना. झटके. ४८ तासांनंतरही आकडे जागचे हललेले नाहीत आणि ससा डोळे अर्धवट मिटून, दात खात बसलाय. असं असेल तर डॉक्टर शांतपणे सुई देऊन सोडवण्याबद्दल बोलतील. त्यांच्यावर रागावू नका. तो निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून, सशाच्या जवळ बसून घ्यायचा.

९. घरी आणल्यावर

पाणी कधीही तोडायचं नाही. लघवी जास्त होते म्हणून पाणी कमी करा असा सल्ला मला शेजारून मिळाला होता, तो घातक आहे. नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या वाटीतून ससे जास्त पितात. कोथिंबीर, मेथी धुऊन ओलीच द्या.

लसूणघास, म्हणजे लुसर्न, आपल्याकडे सहज मिळतो आणि ससे तो आवडीनं खातात, पण त्यात कॅल्शियम भरपूर. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर तो बंद. वाळलेली हरळी उत्तम. खानापूर भागात भाताचं पिंजर भरपूर असतं, ते अंथरायला चांगलं, खायला कमी कसाचं. कोवळी ज्वारी अजिबात नको, ती जनावरांनाही बाधते.

स्वतः खात नसेल तर सशाच्या खाद्याच्या गोळ्या मिक्सरवर दळून कोमट पाण्यात भिजवून, सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. अंग गार असताना किंवा आतडं अडकल्याचा संशय असताना भरवू नका.

औषधांच्या दुकानात स्वतःहून काही घेऊ नका. तोंडातून अमॉक्सिसिलिन दिलं तर सशाचं आतडं कुजतं आणि तो दगावतो. गोचीड-पिसवांचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी आहे. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या नकोत. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सशांना देतात, पण मूत्रपिंड अशक्त असेल आणि अंगात पाणी कमी असेल तर ते चालू ठेवायचं का, हे दरवेळी विचारा.

कातडीखालचं सलाईन घरी देता येतं. पहिल्यांदा माझे हात इतके थरथरत होते की सुई दोनदा आरपार गेली आणि सलाईन टॉवेलवर सांडलं. शेवंतीला डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ५० मिली ठरवून दिलं होतं, तुमच्या सशाचं माप वेगळं असेल. बाटली घेताना नाव वाचा. दुकानदार पटकन डी.एन.एस. देतात, त्यात डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, असते, ते कातडीखाली द्यायचं नाही. डॉक्टरांनी लिहिलेलीच बाटली घ्या.

बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. मनगटावर थेंब टाकून बघा, लहान बाळाच्या दुधासारखं. ससा टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर, तोंड तुमच्या पोटाकडं. दोन खांद्यांच्या मधली कातडी दोन बोटांत धरून तंबूसारखी वर उचला, सुई पाठीला समांतर ठेवून त्या तंबूच्या पायथ्यात घाला. आधी सिरिंजचा दट्ट्या थोडा मागं ओढून रक्त येत नाही ना ते बघा, मग सावकाश ढकला. कातडीखाली लिंबाएवढी गाठ होते, तासाभरात खाली पुढच्या पायाकडं सरकते आणि दोन-चार तासांत विरते. संध्याकाळपर्यंत तशीच राहिली तर पुढचं सलाईन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

शेवंती त्यानंतर चार महिने होती. दररोजचं वजन मी वहीत लिहीत गेले आणि दर पंधरा दिवसांनी त्याचा आलेख डॉक्टरांना दाखवत गेले. दर महिन्याला एकदा, सकाळी दहाच्या सुमारास, त्याच पायातून, त्याच लॅबमध्ये रक्त. तुम्हीही लॅब बदलू नका. यंत्र बदललं की आकडे थोडे सरकतात आणि सशाची तब्येत बदलली की यंत्र, हे कळेनासं होतं. नवीन वही करताना पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: युरिया भागिले २.१४.